जिथल्या तिथे

"चहा तुम्ही करायचा नाही," मी म्हटलं. "चहा तुमच्या आई करतील."

मुलगी खुर्चीतून अर्धी उठली होती, ती तशीच थांबली. तिने भावाकडे पाहिलं, भावाने माझ्याकडे. म्हातारी कोणाकडेच न बघता म्हणाली, "करते की. दूध आहे ना घरात?"

पहिल्या भेटीला मी प्रत्येक घरी हेच करते. आमचं ऑफिस म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला माणसं देतं. कुणाला अंघोळीपुरती, कुणाला दिवसभराची, कुणाला मुक्कामाची. माणूस पाठवायच्या आधी घर बघून यायचं काम माझ्याकडे. मुलांना विचारून काही उपयोग नसतो हो. एक तर "आईला काही म्हणता काही जमत नाही" म्हणतात, नाही तर "बाबा एकदम ठणठणीत आहेत, फक्त अधूनमधून पडतात." चहा केला की सगळं उघड होतं. गॅस नीट पेटवला का, पाणी बेताचं घेतलं का, दूध उतू जाताना लक्ष होतं का, भरला कप घेऊन चालता येतं का. ऑफिसातल्या पोरी माझ्या पाठीमागे मला चहावाली मावशी म्हणतात. म्हणेनात का. माझा अंदाज चुकलेला त्यांनी अजून पाहिला नव्हता.

फोन मुलाने केला होता. "आईचं डोकं चालेनासं झालंय," एवढंच म्हणाला होता. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो, बहीण परगावी. वडील गेल्यापासून आई या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी. बहीण आठवड्याची रजा काढून आली होती आणि माझ्यासमोर दोघं आईच्या विसरण्याचा पाढा वाचत होते. एका समारंभात सख्खा दीर तोंडासमोर उभा राहिला, तर आई त्याच्याकडे बघून सरळ पुढे गेली. साऱ्या नात्यात बोभाटा झाला. एकदा दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून बाहेर निघाली. पाहुण्यांना पाणी द्यायला गेली आणि पाणी पेल्याच्या बाहेर ओतलं. पेपर वाचायची सोडली, कंटाळा येतो म्हणते.

हे सगळं म्हातारीच्या देखत चाललं होतं. ती टेकून बसली होती, हात मांडीवर. मी तिच्याकडे वळून म्हटलं, "आजी, आज वार कोणता?"

"का? तुम्हाला कुठे जायचंय?"

"नाही, सहज विचारते."

"सहज विचारायचं तर मुलांना विचारा. मला परीक्षा द्यायची नाही. आणि आजी म्हणू नका. मी पोस्टात सॉर्टिंगला होते, गल्लीत सगळे मला पोस्टबाई म्हणतात. आवाजावरून तुम्हीही काही फार मागे नाही आहात."

मुलगी ओशाळली. मला मात्र बाई आवडली. पण आवडून काय करायचं? डोकं जायला लागलं की माणसं अशीच उत्तरं टोलवतात. माहीत नसलेलं झाकायला तोंड फार कामाला येतं. असे टोले मी ढिगाने ऐकलेत.

पोस्टबाई उठल्या. स्वयंपाकघराच्या दारात त्यांचा खांदा चौकटीला घासला. मुलगी हळूच माझ्या कानाशी आली. "मी आले तेव्हा इतकं नव्हतं हो. या चार दिवसांतच बघता बघता घसरली. आणि मी तर तिला सोपं जावं म्हणून सगळं घर लावलं. काय तो पसारा होता. खुर्ची खोलीच्या मधोमध, डबे नाही नाही त्या आकाराचे, ओट्यावर रांगेने मांडलेले. पलंगापासून न्हाणीपर्यंत चक्क दोरी बांधलेली, तिच्यावर कपडे वाळत घातलेले. अडकून पडली असती ना? सगळं काढून माळ्यावर टाकलं. एकसारखे डबे आणले आणि प्रत्येकावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावली. साखर, मीठ, चहा. आठवलं नाही तरी वाचता येईल."

"छान केलंत," मी म्हटलं. खरंच म्हटलं.

आत पोस्टबाईंनी ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात हात नेला. तिथे काही नव्हतं. हात थोडा वेळ तिथेच राहिला. मग त्यांनी वरच्या फळीवरचा एक डबा काढला, उघडला, बंद केला. दुसरा उघडला. आम्ही तिघंही दारात उभे, नाटक बघायला आल्यासारखे. त्यांनी चमचाभर काहीतरी पातेल्यात घातलं. डब्यावर ठसठशीत अक्षरात मीठ लिहिलेलं होतं. पातेलं उचलताना त्यांच्या कोपराचा धक्का लागून कप खाली पडला आणि फुटला.

"बघा," मुलगी म्हणाली. "वाचता येतंय, तरी कळत नाही."

पोस्टबाई वळल्या. गॅस बंद केला, भिंतीला हात लावत बाहेर आल्या आणि आपल्या जागेवर बसल्या. चेहरा असा, की जणू कुणीतरी चारचौघांत थोबाडीत मारली आहे.

मुलाने मला फाटकापाशी नेलं. शहराबाहेर विसरणाऱ्या माणसांसाठी एक संस्था आहे, तिथे एक जागा रिकामी झाली होती. परवापर्यंत हो म्हणायचं होतं, नाही तर ती दुसऱ्याला जाणार. "आईला आम्ही हवापालटाला नेतोय असं सांगितलंय," तो खाली बघत म्हणाला. "खरं सांगायची हिंमत नाही झाली. तुम्ही सांगा, घरी बाई ठेवून निभेल का?"

"गॅसपाशी हे असं असेल तर रात्रंदिवस माणूस लागेल," मी म्हटलं. "तेवढं जमत नसेल तर संस्था बरी. उशीर मात्र करू नका."

असं मी बोलले. अगदी ठामपणे बोलले. त्याने तिथल्या तिथे फोन काढला, बहीण डोळे पुसत त्याच्या बाजूला उभी राहिली. आणि माझ्या लक्षात आलं, की माझी पिशवी आतच राहिली आहे.

चपला काढून मी परत आत गेले. पोस्टबाई खुर्चीवर नव्हत्या. स्वयंपाकघरात होत्या, दाराकडे पाठ करून, आणि नवे डबे एकेक करून खाली काढत होत्या. झाकण उघडायचं, नाकाशी न्यायचं, बोटाचं टोक बुडवून जिभेला लावायचं. "मीठ," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि डबा डाव्या हाताला सरकवला. "साखर. ही इथे. चहा, चहा कुठे ठेवला या पोरीने?" मघाशी आम्ही बघत असताना त्या बोट जिभेला लावू शकल्या नव्हत्या. मी थक्क होऊन उभी राहिले. डोकं गेलेली बाई अशी काम करत नाही.

मग त्या वळल्या. खिडकीचं सगळं ऊन माझ्या अंगावर होतं आणि आमच्यात दोन हातांचं अंतर. त्यांनी माझ्या तोंडावर नजर ठेवली आणि बोट चाटत उभ्या राहिल्या. मी त्यांच्या लेखी तिथे नव्हतेच.

मी जराशी हलले. त्या लगेच ताठ झाल्या. "कोण आहे? दोघांपैकी कोण?"

"मी आहे. ऑफिसची."

त्यांनी चाचपत डब्याचं झाकण लावलं. "मग संपलंच," त्या म्हणाल्या.

"कधीपासून दिसत नाही?"

"तसं थोडं दिसतं. काही हललं तर सावली कळते. तुम्ही खांबासारख्या उभ्या राहिलात, म्हणून फसले." त्या ओट्याला टेकल्या. "आधी बाजूचं गेलं. कोणी शेजारून आलं की दचकायचे. मग आत येत येत गेलं. दोन वर्षं झाली असतील. पण माझं काही अडत नव्हतं हो. पोस्टात जन्म गेला, दिवे गेले तरी कोणत्या गावाची पत्रं कोणत्या खणात ते हाताला माहीत असायचं. घर तसंच लावलं. उजव्या कोपऱ्यात चहा, त्याच्या शेजारी साखर, मीठ लांब. खुर्चीला हात लागला की डावीकडे वळायचं. न्हाणीपर्यंत दोरी, वर कपडे टाकले की कोणाला शंका येत नाही."

"आणि मुलीने सगळं उचललं."

"माझ्या काळजीनेच उचललं बिचारीने. काय बोलणार तिला?"

मला राग आला. तिचा नाही, या बाईचा. "अहो, मग सांगायचं होतं. पोरांना वाटतंय आईचं डोकं गेलं. ते ऐकून घ्यायला बरं वाटत होतं?"

"विसरते म्हटलं की पोरं रागावतात," पोस्टबाई शांतपणे म्हणाल्या. "रागावलेलं मला चालतं. आंधळी म्हटलं की लोक हात धरतात आणि एकदा धरला की सोडत नाहीत. इथे बस, तिथे उठू नकोस, राहू दे, मी देते. जिवंतपणी माणसाचं गाठोडं करतात. तुम्ही कोणाला सांगू नका. मी सगळं पुन्हा लावून घेते. आठवडाभर मिळाला ना, तर मला हे घर परत पाठ होईल."

"आठवडाभर मिळणार नाही," मी म्हटलं. घरच्या माणसांचं बोलणं रुग्णाला सांगायचं नाही, हा आमच्या ऑफिसचा नियम आहे आणि मी तो नव्या पोरींना घोकून घ्यायला लावते. त्या दिवशी मी तो गुंडाळून ठेवला. "पोस्टबाई, तुम्हाला हवापालटाला नाही नेत आहेत. ती विसरणाऱ्यांची संस्था आहे. तिथे कायमचं राहायचं असतं. दाराला बाहेरून कुलूप असतं. फाटकापाशी मुलगा आत्ता त्यांच्याशीच बोलतोय, आणि बोला असं मीच त्याला सांगून आलेय."

एकदा त्यांनी ओट्याच्या कडेवरून हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"तिथे खोलीत किती जणी?" त्यांनी विचारलं.

"चार-पाच."

"सगळ्या विसरणाऱ्या. म्हणजे ठेवलेली वस्तू जागेवर राहायची नाही."

"नाही राहायची."

"वेडी होईन मी तिथे," त्या म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच म्हाताऱ्या बाईचा वाटला. "खरीच होईन. तुम्ही सांगा त्यांना. मला नाही जमायचं."

"मी सांगितलं तर ते माझं होईल. उद्या दुसरं कोणी दुसरं काही सांगेल. तुमचं तुम्ही सांगा. मी इथेच उभी राहते."

मी पोरांना हाक मारली. पोस्टबाई तोपर्यंत बाहेर येऊन बसल्या होत्या, केस सारखे करून, जणू साहेबांपुढे जायचं होतं. मुलगा फोन कानाला लावूनच आत आला. "हो, परवा सकाळी आणतो," असं काहीतरी म्हणत होता.

"फोन ठेव," पोस्टबाई म्हणाल्या. "इथे समोर बस. तुझ्या शर्टाचा रंग कोणता आहे?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. बघा, आणखी एक, अशी नजर. "निळा आहे, आई."

"मला दिसत नाही."

"निळा आहे. आकाशी."

"अरे बाबा, मला दिसत नाही. शर्ट दिसत नाही, तू दिसत नाहीस. दोन वर्षांपासून तुझं तोंड बघितलेलं नाही मी. तुझ्या काकांना ओळखलं नाही, कारण ते गप्प उभे होते. बोलले असते तर ओळखलं असतं. डोकं आहे तिथेच आहे. डोळे गेलेत."

मग मुलगा भडकलाच. "आणि तू आम्हाला सांगितलं नाहीस? दोन वर्षं आम्हाला मूर्ख बनवलंस?"

"बनवायला फारसे कष्ट पडले नाहीत."

"आई, थट्टा करू नकोस. मी तुला काय काय बोललो. त्या चपलांवरून लोकांसमोर बोललो."

"बोललास खरा," पोस्टबाई म्हणाल्या. "रात्री रडलेही मी. पण दोष तुझा नाही, मीच तशी सोय करून दिली होती."

मुलगी मात्र स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली होती. आपण लावलेल्या चिठ्ठ्यांकडे बघत होती. करायला गेली एक आणि झालं भलतंच. "म्हणजे तू घसरली नव्हतीस," ती म्हणाली. "मी घर आवरलं म्हणून..." आणि ओंजळीत तोंड घालून ती जी रडायला लागली, ती थांबेना.

"इकडे ये," आईने हाक मारली. "अगं ये. रडून काय होतंय? तू घर नाही गं आवरलंस, माझे डोळे उचलून माळ्यावर टाकलेस. ते आधी खाली काढ."

रडता रडता मुलीला हसू फुटलं. मुलाने शिडी आणली. ऑफिसातून दोनदा फोन आला, पुढच्या घरी मी का पोहोचले नाही म्हणून. मी येत नाही म्हणून कळवलं आणि बाह्या वर सारल्या. पोस्टबाई खुर्चीत बसून हुकूम सोडत होत्या आणि आम्ही तिघं हमाली करत होतो. वेडेवाकडे जुने डबे ओट्यावर आले. खुर्ची खोलीच्या मधोमध आली, तिला हात लावून त्या म्हणाल्या, "वीतभर अलीकडे." दोरी बांधताना मुलाने गाठ इतकी ढिली मारली, की त्यांनी ती सोडून स्वतः मारली. मग त्या उठल्या आणि आत जाऊन चहा केला. चार कप, साखरेचा. एकही थेंब सांडला नाही. मुलगा भिंतीला टेकून आईकडे टक लावून बघत होता. चहा त्याने थंड करूनच प्यायला.

संस्थेला त्याने संध्याकाळी नकार कळवला. पण म्हणून सगळं गोड झालं असं कोणी समजू नये. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलं ते येणार नाही. डोळ्यांतला दाब वाढत गेला होता, वेळेवर कळतं तर बरंच वाचलं असतं. उरलंय ती जराशी उजेडाची जाण थेंब घालून टिकवता येईल, ते थेंब रोज चुकता कामा नयेत. मुलगी परत जाताना मला म्हणाली, "वाचलं असतं, हे ऐकून मला रात्रभर झोप नाही लागली." मी तिला काय सांगणार? मी तर सगळ्या उजेडात मोठ्या अक्षरातल्या मिठाच्या डब्यासमोर उभी होते आणि माझीही ट्यूब पेटली नव्हती.

थेंबांसाठी आणि अंघोळीच्या वेळी सोबतीसाठी सकाळची बाई ठरली. ती निवडायचं काम मी मुलांवर सोपवलं नाही. तिघी जणी पोस्टबाईंसमोर बसवल्या. काय येतं, आधी कुठे होतीस, काही विचारलं नाही त्यांनी. एकच प्रश्न. "वस्तू घेतलीस की ठेवतेस कुठे?" पहिली म्हणाली, नीट ठेवते. दुसरी म्हणाली, तुम्ही सांगाल तिथे. तिसरी जाडजूड, जरा आळशी दिसणारी, मला काही खास वाटली नव्हती. ती म्हणाली, "मी कशाला हलवू? जिथल्या तिथे असू दे की." पोस्टबाई म्हणाल्या, "ये उद्यापासून."

महिन्याने मी पुन्हा गेले. बाई कामाला लागल्यावर एक फेरी असतेच माझी. रविवार होता, मुलगा आला होता. आल्या आल्या कळलं, की पोस्टबाई आज रस्त्यावर जाणार आहेत. कोपऱ्यावरच्या दुकानातून साबण आणायचा. डोळे अधू झाल्यापासून त्या एकट्या जेमतेम फाटकापर्यंत जात, आणि चपलांच्या प्रकारानंतर तेही बंद झालं होतं. मुलाला घाम फुटला होता. "मी आणतो ना साबण," तो मला बाजूला घेऊन म्हणाला. "गाड्या असतात, खड्डे असतात. पडली तर?"

"पडल्या तर उठवा," मी म्हटलं. "पण धरायचं कसं ते आधी शिका. दंडाला धरून ढकलायचं नाही, त्या काही हातगाडी नाहीत. तुम्ही नुसतं कोपर द्यायचं. त्या धरतील. तुम्ही अर्धं पाऊल पुढे. पायरी आली की सांगायचं, वर का खाली. बाकी गप्प."

"ऐकलंस ना?" पोस्टबाई पायात चपला सरकवत म्हणाल्या. "बाकी गप्प."

फाटकातून दोघं बाहेर पडले. मी कठड्याशी उभी राहिले. सुरुवातीला तो असा भराभर निघाला, जसं काही कोणी मागे लागलंय.

"हळू रे. दिसत मला नाही, घाई तुला कसली?"

तो हळू झाला. शेजारची एक बाई दारात उभी होती. तिने विचारलं, "काय पोस्टबाई, बऱ्याच दिवसांनी? आज मुलगा घेऊन चाललाय वाटतं?"

पोस्टबाई थांबल्या. आवाजाच्या दिशेला तोंड केलं. मला वाटलं, आता काहीतरी टोलवतील आणि पुढे जातील. "मला दिसत नाही हो आता," त्या म्हणाल्या. "म्हणून त्याचं कोपर घेतलंय. तुम्ही भेटलात की आधी आवाज देत जा." ती बाई गोंधळली, मग म्हणाली, "देईन की, नक्की देईन." दोघं पुढे निघाले.

कोपऱ्यावर रस्ता ओलांडायचा होता. गाड्या जाईपर्यंत ते काठाशी थांबले. मग मुलाने वाकून काहीतरी सांगितलं, बहुतेक पायरीचं. पोस्टबाईंनी पाय पुढे सरकवून कड चाचपली आणि खाली उतरल्या. त्याच वेळी जवळून एक गाडी गेली. घाबरून त्याने आपला दुसरा हात आईच्या हातावर गच्च दाबून धरला.

त्या तिथेच थांबल्या. हात झटकला नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. रस्ता मोकळा होता, तरी पाऊल टाकलं नाही. थोड्या वेळाने त्याला कळलं असावं. त्याने तो हात काढून घेतला. त्याचं कोपर मात्र त्यांनी सोडलं नव्हतं. मग त्या चालू लागल्या.